चौघांत एकच दुपटं

मित्रांनो, मला तुम्ही कधी हातात धरलं नसेल, कारण मी धरता येण्यासारखा नाहीच. मी लाकडाचा नाही, लोखंडाचा नाही. मी आहे थोड्याशा ओळींचा. संगणकाच्या जावा नावाच्या भाषेत लिहिलेला एक जुना क्लास. शिकवणीचा क्लास नव्हे हं. त्याला बाकं लागतात, फळा लागतो. मला दोन महिरपी कंस मिळाले की माझं घर झालं. माझं नाव ‘बाळ’.

मला लिहिलं ताईने. ताईची आई पाळणाघर चालवते. तळमजल्यावरची लांबट खोली, खिडकीखाली ओळीने गाद्या, दोरीवर वाळत घातलेले इवलेसे मोजे. तेव्हा तिथे चार पिल्लं होती, आणि प्रत्येकाची झोपायची तऱ्हा निराळी. ठमीला गाणं लागायचं. भोपळ्याला पाठीवर थोपटावं लागायचं. टिल्लूला दुपट्याचं टोक हातात हवं. आणि गुंडीबाईंना कुणी हात लावलेला खपायचा नाही. तिच्याकडे पाठ करून बसलं, की ती आपली आपण झोपून जायची. हे सगळं लिहिलेलं कुठेच नव्हतं. ते आईच्या डोक्यात होतं.

आणि आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. टिल्लूचे मोजे ती ठमीला घालू लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता लांबवू नका, नाहीतर डोळा हातचा जाईल. पण आईचं एकच पालुपद, मी दवाखान्यात गेले तर पोरांना कोण झोपवणार? आत्या यायला एका पायावर तयार होती, पण तिला बिचारीला या पोरांची काही माहिती नव्हती. ताई तेव्हा नुकती जावा शिकू लागली होती. ती म्हणाली, आत्याने नुसतं नाव टाकायचं, कसं झोपवायचं ते संगणक सांगेल.

तर असा माझा जन्म झाला. प्रत्येक बाळाला एक नाव आणि एक झोपेची खूण असेल, असं ताईने माझ्यात लिहिलं. शिवाय ‘झोपव’ नावाची मेथड दिली. मेथड म्हणजे आम्हाला शिकवलेलं काम. हाक मारली, की ती खूण पडद्यावर दाखवायची. ताईने मोठ्या हौसेने मला चालवून पाहिलं. पडदा कोरा. ती माझ्याकडे बघत बसली आणि मी तिच्याकडे.

मग तिने मामाला फोन लावला. मामा याच कामावर पोट भरतो. एवढं लिहिलंय तर दिसत का नाही, असं तिने विचारलं, तर तो हसायलाच लागला. “कृती वहीत उतरवली म्हणून जेवण होतं का गं? आधी चूल पेटव.” मग त्याने नीट समजावलं. क्लास हा नुसता साचा. ‘न्यू’ म्हटलं, की त्या साच्यातून खरंखुरं बाळ निघतं, त्याला ऑब्जेक्ट म्हणायचं. आणि त्या बाळाचं नाव घेऊन मेथडला हाक मारायची.

ताईने अर्धं ऐकलं आणि फोन ठेवला. तिने सरळ हाक मारली, झोपव. लगेच लाल ओळ उमटली. साहजिकच आहे हो. झोपव, पण कुणाला? ती ओळ एवढंच विचारत होती. पण नवख्या माणसाला लाल ओळ कुणीतरी खेकसल्यासारखी वाटते. घाबरून तिने मेथडच्या पुढे ‘स्टॅटिक’ हा शब्द चिकटवला. मग नाव आणि खूण लाल झाली. तिथेही चिकटवला. सगळा लाल रंग गेला, आणि ताईने खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली. चारही बाळं तयार करून तिने शेवटच्या गुंडीचं उत्तर तपासलं. बरोबर आलं. झालं, लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम. आई मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसली. आत्याने ठमीचं नाव टाकलं. मी सांगितलं, पाठ करून बसा. ती बसली. भोपळ्याचं टाकलं. पाठ करून बसा. टिल्लूचं टाकलं, तेच. आत्या आपली रुसलेल्या नवरीसारखी भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि तिच्यामागे तीन भोंगे टिपेला लागलेले. गुंडी मात्र त्या गोंगाटातही ढाराढूर झोपली होती.

आई बाहेर आली. कुणाला थोपटलं, कुणासाठी गुणगुणली, आणि खोली शांत केली. मग हळूच म्हणाली, “राहू दे गं. डोळ्याचं बघू पुढच्या वर्षी.”

ताईने मला मिटून टाकलं. बरेच दिवस मी तसाच अंधारात पडून होतो. शेवटी मामा स्वतः आला, त्याने मला उघडलं, वाचलं, आणि त्याचा चष्मा घसरेपर्यंत हसला.

“काय गं, तुमच्या पाळणाघरात चौघांत मिळून एकच दुपटं आहे का?”

“छे! ज्याचं त्याचं.”

“मग इथे एकच का ठेवलंयस?”

ताईने कपाळाला हात लावला. स्टॅटिक म्हणजे साऱ्यांना मिळून एकच. म्हणून गुंडीची खूण भरली, तशा आधीच्या तिघांच्या पुसल्या गेल्या होत्या. तिने तो शब्द नावापुढून काढला, खुणेपुढून काढला, मेथडपुढूनही काढला. फक्त पाळणाघराचं नाव नव्याने लिहून त्याच्यापुढे तो ठेवला, कारण ते खरोखरच सगळ्यांचं एक होतं. मग तिने लिहिलं, ठमी, टिंब, झोपव. आधी कुणाला, मग काय. मित्रांनो, माझी चार बाळं चार तोंडांनी बोलू लागली तेव्हा मला काय वाटलं, ते सांगायला माझ्याकडे मेथड नाही.

आईने स्वयंपाकघरातूनच परीक्षा घेतली. एकेक नाव पुकारलं, प्रत्येकाचं उत्तर ताईकडून वाचून घेतलं. शेवटी तिने कपाटावरची पिशवी खाली काढली आणि कपडे भरायला घेतले.

ऑपरेशनच्या दुपारी तिचा दवाखान्यातून फोन आला. “एवढं शांत कसं काय? पोरं आहेत ना तिथे?”

“झोपलीत,” ताई कुजबुजली.

“गुंडीपण?”

“ती तर सगळ्यांच्या आधी.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागून परिचारिकेचा. मावशी, डोळ्याला पट्टी आहे, आता अजिबात रडायचं नाही.

ती चौघं आता शाळेत जातात. माझ्यातून नवनवी बाळं निघत असतात, आणि आई नव्या डोळ्याने स्वतः वाचून ताईला सांगते, याच्यासाठी अजून एक ओळ घाल.

म्हणून माझं एवढंच मागणं. लाल ओळ आली, तर घाबरून काहीतरी चिकटवू नका, ती काय विचारतेय ते वाचा. जे सगळ्यांचं, ते एकदाच लिहा. जे ज्याचं त्याचं, ते ज्याला त्याला द्या. आणि काम भागलं म्हणून आम्हाला कायमचं मिटून ठेवू नका. झोपवायला शिकलेल्यालाही कुणीतरी हाक मारावी लागते.