पोरींचं मैदान

टँकर पोरांच्या मैदानावर पाणी मारत होता आणि मी गळ्यात शिट्टी अडकवून नुसता बघत उभा होतो.

लातूर वेगळा जिल्हा झाल्यावरची ही पहिली जिल्हा कबड्डी स्पर्धा. पावसाने मात्र सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. मैदानासाठी एकच टँकर मिळाला. तो कुठे रिकामा करायचा, हे समितीच्या बैठकीत चहा संपायच्या आत ठरलं. समितीत मीही होतो. हात मीही वर केला.

"सर, आमच्या मैदानाला पानी?" सिंधूने विचारलं.

सिंधू जळकोटची. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सांजच्याला सराव करायची. अशी चढाई मी वीस वर्षांच्या मास्तरकीत पाहिली नव्हती. पुण्याच्या राज्य शिबिरासाठी तिची निवड झाली होती. पोरांचा खर्च समिती करणार होती. पोरींनी आपला आपण करायचा. तिला तिथे जायचं तर बक्षीस जिंकणं भाग होतं. पोरींचे संघ भरेनात तेव्हा मीच तिच्या घरी जाऊन तिच्या आईला, पंचफुलाबाईंना, छातीठोकपणे सांगितलं होतं, "उत्कृष्ट चढाईला पाचशे रुपये. पोरांना जेवढे, तेवढेच पोरींना." हे मी कुणालाही न विचारता सांगितलं होतं.

"पाणी पुरत नाही गं," मी म्हणालो. "जपून खेळ."

"जपून खेळल्यावर पाचशे कोन देतंय, सर?" ती हसली.

जपून ती खेळलीच नाही. त्या मुरमावर दोन्ही गुडघे सोलून निघाले. तिने ओढणी फाडून पट्टी बांधली आणि परत चढाईला गेली. अंतिम सामना तिने एकटीने ओढून आणला.

पोरांचा अंतिम सामना शेवटी होता, म्हणून पोरींची बक्षिसं आधी उरकली. टेबलावर पोरांची पाकिटं मांडलेली होती. समितीचे अध्यक्ष गुरुपादप्पा, भांड्यांचे व्यापारी, यांनी उत्कृष्ट चढाईचं बक्षीस म्हणून सिंधूच्या हातात आपल्या दुकानातली स्टीलची घागर ठेवली.

"लेकीबाळींना पैशापरीस भांडं बरं," ते माईकवर म्हणाले. "सासरी कामाला येतंय."

टाळ्या पडल्या. लाज वाटते सांगायला, मीही वाजवल्या.

ती सरळ माझ्यासमोर आली.

"तुमी माझ्या मायम्होरं बोलला होता, सर."

"अगं, ते समितीनं..."

"तुमी न्हवता का समितीत?"

माझ्या खिशात त्या दिवशी पगार होता. हात खिशाकडे गेला नाही.

टँकरवाला शेवटच्या सामन्यासाठी पोरांच्या मैदानावर पुन्हा पाणी मारत होता. सिंधू लंगडत त्या ओल्या मैदानात शिरली आणि घागर पाइपखाली धरली.

"ए पोरी! मैदानाचं पानी हाय ते!" गुरुपादप्पा ओरडले.

"घागर दिलाव, अप्पा. पानी कोन देनार मग?"

टँकरवाल्याने पाइप हलवला नाही. घागर काठोकाठ भरली. तिने गुडघ्याची रक्ताळलेली पट्टी सोडली, तिची चुंबळ केली, घागर डोक्यावर घेतली आणि पोरींच्या कोरड्या मैदानातून एसटी स्टँडकडे निघाली. एक थेंब सांडला नाही.

पुण्याच्या शिबिराला पोरांबरोबर व्यवस्थापक म्हणून मी गेलो, समितीच्या खर्चाने. पहिल्या सकाळी हजेरी झाली. सिंधूचं नाव दोनदा पुकारलं.

"आली नाही," मी सांगितलं.