कोटाचा आतला खिसा

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देताना शिंप्याला नीट समजावलं होतं. बायकोचा कॅन्सर आता औषधांना दाद देत नाही. हॉस्पिसमध्ये आजार बरा करत नाहीत, पण दुखणं आवरतात. "गुरुवारी पाचपर्यंत खाट राखून ठेवतील. पण तुमच्या पत्नीला विचारा आधी. त्यांनी हो म्हटलं तरच."

"विचारतो की," असं म्हणून शिंपी घरी आला आणि त्याची दातखीळ बसली. गल्लीतल्या मास्तरांचा कोट शिवायला घेतला होता, त्याच्या आतल्या खिशात त्याने चिठ्ठी सारली.

चार दिवस तो आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. ती भिंतीला टेकून काजं करायची. मध्येच सुई कापडात खोचून डोळे मिटायची. ते दिसलं की शिंपी मशीन जोरात पळवायचा.

गुरुवारी तीन वाजता तो उठला, तर खुंटी रिकामी.

"अगं, कोट कुठाय?"

"मास्तर घेऊन गेले. तुम्ही धागे आणायला गेला होतात तेव्हा."

मास्तर चिठ्ठी वाचणार, मग गल्लीभर होणार. पाच वाजता खाटही जाणार. त्याने कशाबशा चपला अडकवल्या.

"कुठे निघालात?"

"एक बटण सैल राहिलंय."

"बटणं मी लावलीत. बसा."

तिने उशीखालून चिठ्ठी काढली. "गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी खिसे कोण तपासतं या घरात? तीस वर्षं झाली. लपवायला दुसरी जागा नाही सापडली तुम्हाला?"

"कधी मिळाली?"

"मंगळवारी, बटणं लावताना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी तोंड उघडताय ते बघत होते. मशीन जोरात चाललं की मी कण्हून घ्यायची."

शिंपी चपला काढून तिच्यासमोर बसला. घड्याळात साडेतीन झाले होते.

"तिथे तुम्हाला राहू देतात का?" तिने विचारलं.

ते त्याने विचारलंच नव्हतं. त्याने फोन घेतला. चिठ्ठी हातात धरून ती त्यातल्या नंबराचा एकेक आकडा सांगत गेली. बराच वेळ कोणी उचलेना. मग एका बाईंचा आवाज आला.

"खाट आहे अजून," फोनवर हात ठेवून तो म्हणाला. "शेजारी खुर्ची देतात. रात्रीही बसता येईल."

"मग हो म्हणा."

त्याने हो म्हटलं. फोन ठेवला तोच तिला कळ आली. त्याचा हात सवयीने मशीनच्या चाकाकडे गेला, आणि त्याने तो मागे घेतला. ती मोठ्याने कण्हली. तो तिच्याजवळ जाऊन ऐकत बसला.