सगळ्यांचं एकशेचाळीस

आमच्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकीच्या गळ्यात एक ज्युनिअर मारतात. माझ्या गळ्यात पुसदकडच्या तांड्यावरची वर्षा पडली. पोरगी गुणाची, पण गरोदर बाईच्या पोटावर फिटोस्कोप ठेवला की बाळाचे ठोके काही तिला ऐकू येईनात. तरी विचारलं की लगेच उत्तर तयार, एकशेचाळीस. तिच्या वर्गात सगळ्याच हा आकडा ठोकून देत, कारण पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण तेवढेच असतात, तो कोणालाच खटकत नाही.

मी तिला चांगलीच झापली. "ऐकू नाही आलं तं नाही आलं म्हन. खोटा आकडा सांगशीन तं मायाजवळ येऊ नको."

ती रडली. चाचणीत नापास झाले तर बाबा शिक्षण सोडवून घरी नेतील, म्हणाली. मग मलाच पाझर फुटला. रोज दुपारी तिला वॉर्डात नेऊ लागले. डोळे मिटून, श्वास धरून ती ऐकायची, आणि एक दिवस तिला ठोके सापडलेच. तिच्यापेक्षा मीच जास्त हरखले.

चाचणीला ढाणकीच्या मोतीबाई होत्या, आठवा महिना. मागच्या तपासणीत बाळाचं डोकं खाली होतं, म्हणून वर्षाच्या आधीच्या चौघींनी बेंबीच्या खाली फिटोस्कोप टेकवला आणि एकशेचाळीस सांगून मोकळ्या झाल्या. वर्षा वाकली ती वाकलेलीच. मोतीबाईंचा चेहरा उतरायला लागला. माझा जीव टांगणीला. म्हण बाई एकशेचाळीस आणि सूट एकदाची, असं मला झालं.

"मले ऐकू नाही आलं, मॅडम."

चाचणी घेणाऱ्या मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाकी चौघींना कसं आलं मग, त्यांनी विचारलं.

"त्याइले आलं असन. मले नाही आलं."

मॅडमनी स्वतः ऐकलं. त्यांनाही काही सापडेना. मग त्यांनी पोट नीट चाचपलं आणि फिटोस्कोप बेंबीच्या वर नेला. तिथे ठोके खणखणीत. बाळ फिरून डोकं वर करून बसलं होतं. मॅडमनी ते मोतीबाईंना समजावून सांगितलं, वर्षालाही तिथे ऐकवलं. तिने सावकाश मोजून एकशे बावन्न सांगितले. चौघी खिडकीबाहेर काहीतरी बघत होत्या. वर्षा पास झाली आणि मी उगाच सगळ्या वॉर्डाकडे बघून हसत सुटले.

मोतीबाई पदर सावरत उठल्या. बाळंतपणाला इथेच यायचं हं, मॅडम म्हणाल्या.

"येईन न. पन जिले ऐकू नाही आलं, तेच पोट्टी पाह्यजे मले."