वारसाचा अर्ज

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा मुकादमाने मावशीला ऑफिसात बोलावलं. एकतीस वर्षं तिने याच भागातले रस्ते झाडले होते, गटारं उपसली होती. तिच्या आधी तिची सासू हेच करायची, आणि सासूच्या आधी सासूची सासू. सगळे तिला तोंडभरून मावशी म्हणायचे. प्यायला पाणी मागितलं की मात्र हीच भाचरं वरून धार धरायची, ओंजळीला भांडं लागू नये म्हणून.

मुकादमाने टेबलावरून एक कागद तिच्याकडे ढकलला आणि हात चटकन मागे घेतला.

"वारसाचा अर्ज. तुझ्या जागी तुझ्या थोरल्या लेकीला लावतोय. सगळं भरलंय, तू फक्त अंगठा उमटव."

"अंगठा कशाला? सही येते मला," मावशी म्हणाली. थोरली पहिलीत होती तेव्हा तिच्याच पाटीवर मावशीने अक्षरं गिरवली होती. तिने कागद उचलून सावकाश वाचला. 'सफाई कामगार' या शब्दांवर येऊन तिचं बोट थांबलं. स्वतःच्या ओळखपत्रावर ते एकतीस वर्षं पाहत आली होती ती.

"हे खोडा," ती म्हणाली. "पोरीकडे जड गाडीचा परवाना आहे. तीन वर्षं मालाचा ट्रक चालवतेय. आणि गटार उपसायच्या गाडीवर सकाळच्या पाळीला चालक नाही म्हणून तुम्हीच बाहेर फळ्यावर लिहिलंय."

मुकादम हसला. "मावशी, झाडू तुमच्या हाडात आहे. चालकांच्या खोलीत तुमची पोरगी बसलेली चालेल का कुणाला? उगाच हट्ट करू नकोस. मिळतंय ते पदरात पाडून घे."

"हाडात काय आहे ते डॉक्टर सांगेल. तुम्ही नियम सांगा."

मुकादमाने दुसरी फाईल पुढे ओढली. मावशीने कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि सरळ वरच्या मजल्यावर मुकादमाच्या वरच्या अधिकारी, मोठ्या बाई, यांच्या खोलीत गेली. बसा म्हणायची वाट न बघता ती खुर्चीवर बसली.

"बाई, झाडू वाईट नाही. त्याच झाडूवर मी दोन पोरी शिकवल्या. पण आमच्यात जन्मली म्हणून तिने तोच धरायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते दाखवा. दाखवलंत तर सही करते."

बाईंनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ पानं उलटली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "वारसाला त्याच्या पात्रतेप्रमाणे जागा, असं लिहिलंय. परवा मुलीला घेऊन या. चाचणी घेऊ."

चाचणी मागच्या आवारात झाली. बातमी आधीच पसरली होती. झाडूवाल्या बायका हातातलं काम टाकून भिंतीकडेला उभ्या राहिल्या होत्या. परीक्षा घेणार होता सगळ्यात जुना चालक. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. दोन्ही बाजूंना पिंपांची रांग लावलेली, आणि मधल्या बोळातून ती अवाढव्य गाडी उलटी न्यायची होती. उस्ताद गाडीची किल्ली आणायला आत गेला, तेवढ्यात मुकादमाने बोलता बोलता शेवटचं पिंप पायाने वीतभर आत सारलं. मावशीने ते पाहिलं. ती तोंड उघडणार एवढ्यात थोरलीने मान हलवून तिला गप्प केलं. तिनेही पाहिलं होतं.

थोरली लगेच गाडीत चढली नाही. आधी तिने गाडीची रुंदी पावलांनी मोजली, मग बोळाची मोजली. दोन्ही बाजूंचे आरसे मिटले. मग चढली आणि कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकून, मागे बघत, गाडी मुंगीच्या चालीने मागे घेऊ लागली. एका पिंपापाशी गाडी थांबली. चार बोटं पुढे आली, चाक जरासं वळलं, पुन्हा मागे गेली. गाडी पार आत गेली तेव्हा एकही पिंप हललं नव्हतं.

उस्ताद बोळात जाऊन दोन्ही बाजूंच्या फटीत हात घालून आला. "हे पिंप कुणी सरकवलं?" त्याने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "मी असतो तर पाडलं असतं. लिहा, पास."

भिंतीकडेच्या बायकांनी जो गलका केला, त्याने मोठ्या बाई गॅलरीत आल्या.

रुजू झाल्याच्या दिवशी थोरली सकाळची पाळी संपवून चालकांच्या खोलीत गेली. तिथे एका चालकाने टेबलावरचा जग स्वतःकडे ओढला. "हिचा ग्लास वेगळा ठेवा रे."

"ठेवा की," थोरली म्हणाली. "पण मग गाडीही वेगळी बघावी लागेल. सकाळपासून स्टेअरिंगला माझेच हात लागलेत, आणि दुपारची पाळी तुमची आहे."

उस्ताद इतका हसला की त्याला ठसका लागला. डोळे पुसत त्याने जग घेतला, स्वतःच्या ग्लासात पाणी ओतलं आणि ग्लास तिच्या हातात दिला. जग ओढणारा उठून बाहेर गेला. पण दुपारी त्याने गाडी चालवलीच, त्याच स्टेअरिंगने. त्याला काही झालं नाही.

हे सगळं थोरलीने घरी सांगितलं तेव्हा मावशीने तिच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मुद्दाम चौकात जाऊन उभी राहिली. आता तिला कामाची घाई नव्हती. लांबून गाडी येताना दिसली. एक स्कूटरवाला मध्येच घुसू पाहत होता. मावशी पदर खोचून रस्त्यात उतरली आणि त्याच्यासमोर हात आडवा धरला.

"अहो मावशी, काय झालं?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझ्या लेकीची गाडी जाऊ द्या."