साक्षीची पट्टी

जुन्या गाडीच्या लाकडावरचं वार्निश उतरवणं ही मोठी कला आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा करून बघावं. अण्णा चाळीस वर्षं करत होते आणि त्यांच्या मते ते निम्मं कंबरदुखीचं आणि निम्मं नाक मुठीत धरून बसायचं काम होतं. रिमूव्हर लावायचं, वार्निशला सुरकुत्या पडायची वाट बघायची आणि मग पातळ पत्र्याने ती साय अलगद ओढून काढायची. घाई केली की पत्रा लाकडात रुततो. आळस केला की साय पुन्हा वाळून चिकटते. या दोहोंमधली वेळ पकडता पकडता माणूस म्हातारा होतो, आणि अण्णा झाले होते.

यावेळची गाडी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी होती. गाडी अर्थात गॅरेजात उभी होती. अण्णांच्या कारखान्यात आले होते तिच्या आतले सहा लाकडी तुकडे: मीटर बसतात ती समोरची लांब फळी, शेजारच्या कप्प्याचं झाकण आणि चार दारांच्या काचांखालच्या चार पट्ट्या. अक्रोडाचं लाकूड, पण वरवरचं. आत साधा प्लाय आणि त्यावर नखाएवढ्या जाडीचा अक्रोडाचा पापुद्रा. घासता घासता तो पापुद्रा गेला की खेळ खलास, तसा दुसरा कुठे मिळत नाही.

तुकडे घेऊन आला होता गॅरेजवाला भोंगा. कानात सांगायची गोष्टही तो रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी सांगायचा, म्हणून भोंगा. "काका, रंग जुना होता तस्सा हवा," तो म्हणाला होता. "मालकाचे वडील ही गाडी चालवायचे. त्याला त्यात नवं काही दिसायला नको."

"मला रंग शिकवू नकोस," अण्णा म्हणाले होते.

शिकवायची गरज नव्हतीच. अण्णांना रंग शिकवला होता त्यांच्या थोरल्या भावाने, दादाने, आणि दादाचा एक नियम होता: सगळ्यांचे कपडे एकदम उतरवायचे नाहीत. सहा तुकडे असतील तर पाच सोलायचे आणि एक जुन्या वार्निशातच ठेवायचा. ती साक्षीची पट्टी. नवा रंग तिच्याशी ताडून बघायचा, आणि पाचही जुळले की मग तिला हात लावायचा. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. नियम तसाच होता आणि दादाची बायकोही कारखान्यात तशीच होती. वहिनी लाकडाच्या बारीक भेगांत भरणी भरायच्या, पॉलिशपेपर घासायच्या, ब्रश धुवायच्या. रंगाच्या बाटलीला मात्र अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. तो अण्णांनी केला होता.

त्या वेळी वहिनी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्यामुळे सोलणं, भरणं, घासणं, सगळं अण्णांवरच आलं. आपला हात जगन्नाथ, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. चौथ्या दिवसापासून काही म्हणेनासे झाले. संध्याकाळी घरी गेले की चप्पल काढायलाही वाकवत नसे. पण त्यांनी पाच तुकडे सोलले, रंग कालवला, साक्षीच्या पट्टीशेजारी धरून दहा वेळा पाहिला, चढवला आणि वर लॅकरचे पातळ हात दिले. बाराव्या दिवशी पाचही तुकडे खिडकीखाली ओळीने मांडले आणि त्यांना खरंच बरं वाटलं. थकलेल्या माणसाला बरं वाटायला फार लागत नाही.

भोंगा आला, त्याने पाहिलं आणि चक्क गप्प राहिला. भोंगा गप्प म्हणजे काहीतरी बिनसलेलं.

"काका, चेष्टा करताय का?"

"कसली?"

"ही एक पट्टी अक्रोडाची आहे. हे पाच तुकडे गाजराचे आहेत."

अण्णांनी पट्टी उचलली, फळीला टेकवली, खिडकीत नेली, सावलीत आणली. त्यांना दोन्हींत तसूभर फरक दिसेना. "तुझ्या डोळ्यांत ग्रीस गेलंय," ते म्हणाले.

भोंगा भांडला नाही, आणि तेच अण्णांना जास्त लागलं. तो म्हणाला, "आठ दिवस आहेत. जमत नसेल तर आत्ताच सांगा काका, मी दुसरीकडे देतो. गावभर बोलणार नाही." भोंग्याने गावभर बोलणार नाही म्हणणं म्हणजे काय, हे अण्णांना ठाऊक होतं. रंगासाठी लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. घासणारे पन्नास होते, रंग जुळवणारे ते एकटे. रंग गेला तर मागे उरणार होते पॉलिशपेपर आणि दुखरी कंबर.

दुपारी बायको डबा घेऊन आली. अण्णांनी दारांच्या चारही पट्ट्या अंगणात उन्हात मांडल्या होत्या. जुनी पट्टी तडे पाहून ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांवर फडकी घालून चार-चार बोटं जागा तेवढी उघडी ठेवली होती.

"यातली वेगळी कोणती?"

तिने डबासुद्धा खाली ठेवला नाही. "ही. बाकीच्या पिवळ्याधमक आहेत की." आणि मग सहज, अगदी सहज म्हणाली, "वहिनींनी अजून बघितलं नाही वाटतं?"

"वहिनींचा काय संबंध?"

बायको घाईघाईने डब्याचं झाकण काढायला लागली. "आधी जेवून घ्या," ती म्हणाली. अण्णांनी जेवून घेतलं. काय जेवलो ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परतल्या त्या घरी पिशवी टेकवून थेट कारखान्यात. नातवाचं नाक कुणावर गेलंय हे सांगत आत आल्या आणि खिडकीखालच्या ओळीकडे नजर जाताच नाक अर्ध्यावरच राहिलं.

अण्णा स्टुलावर बसून होते. "किती दिवस चाललंय हे, वहिनी?"

वहिनींनी काय म्हणून विचारलं नाही. पदर खोचला आणि म्हणाल्या, "दोन वर्षं. थोडं जास्तच."

"कसं?"

"तुम्ही जेवल्यावर अर्धा तास पाठ टेकता ना, तेवढ्यात. काळ्याचे दोन थेंब. कधी तीन."

"माझ्या बाटलीत."

"हो भाऊजी. तुमच्याच बाटलीत."

अण्णांना राग आला. तो इतका आला की कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून ते उठले, बाटली उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. "मला सांगायला काय झालं होतं? की झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून माझीच मूठ झाकत बसलात?"

"सांगितलं होतं. पहिल्या वेळी म्हटलं होतं, भाऊजी, जरा पिवळं वाटतंय. तुम्ही म्हणालात, तुम्ही तुमचं घासायचं बघा."

अण्णांना हे आठवत नव्हतं. बोललो नाही असंही म्हणता येईना, कारण असं ते बोलू शकतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. आठवत नव्हतं याचीच त्यांना लाज वाटली. त्यांच्यासाठी ते वाक्य त्याच दुपारी संपलं असणार, आणि या बाईने ते दोन वर्षं सांभाळलं होतं.

"आणि रंगातलं तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. आवाजातला पीळ अजून पुरता गेला नव्हता.

"ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्यांनीच. ते तुम्हाला सांगत असायचे आणि मी शेजारी भरणी घासत असायचे. माझे कान काही कुणी बांधले नव्हते." वहिनी थोड्या हसल्या. "डोळे दाखवून घ्या भाऊजी. मोतीबिंदू असणार. माझ्या आईला झाला होता, तेव्हा ती धुतलेली चादर मळकी म्हणून रोज भांडायची."

"मी कुठे भांडतो?"

"तुम्ही भांडत नाही. तुम्ही रंग देता."

अति झालं की हसू येतं म्हणतात. अण्णांना आलं नाही, पण ते पुन्हा स्टुलावर बसले. दोन वर्षं. त्यांच्या डोळ्यांपुढून कामं जायला लागली: त्या लांबलचक पांढऱ्या गाडीचा डॅशबोर्ड, डॉक्टरांच्या जुन्या गाडीची दारं, ज्याच्यावर हात फिरवून एक म्हातारा रडला होता तो शिसवी कप्पा. त्या म्हाताऱ्याने अण्णांचे हात हातात घेतले होते. वहिनी तेव्हा मागे ब्रश धूत होत्या.

बायकोने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख घेतली होती, ती पुढच्या महिन्यातली होती. भोंग्याचे सात दिवस उरले होते.

पाचही तुकडे पुन्हा सोलायचे, हे दोघांनाही न बोलता समजलं. लॅकर निघालं असतं, पण रंग लाकडात मुरला होता आणि तो घासूनच काढायला लागणार होता. आधीच एकदा घासलेला नखाएवढा पापुद्रा. वहिनींनी पॉलिशपेपर पुढे केला आणि हात मागे घेतला. "हे मला नाही जमायचं. माझा हात जड आहे. मी लावला तर खालचा प्लाय वर येईल."

तीन दिवस अण्णा घासत होते. इथे डोळ्यांचं काही काम नव्हतं. ते डोळे मिटूनच बसायचे आणि मधलं बोट लाकडावरून फिरवत राहायचे. पापुद्रा पातळ होत आला की बोटाखाली लाकूड थोडं गार लागतं, असं ते म्हणायचे, आणि हे दुसऱ्या कुणाला कधी लागलेलं नाही. मीटरच्या भोकांपाशी ते दर दोन फेऱ्यांनी थांबत होते. एका ठिकाणी अर्धी फेरी जास्त झाली असती तर फळी गेली असती, आणि तिथे त्यांचा हात आपसूक उचलला गेला. खांद्यात कळ यायची, दम घ्यायला ते टेकायचे, पुन्हा बसायचे. वहिनी धूळ पुसत होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. वहिनी बाटलीपाशी घुटमळल्या. "तुम्ही जरा पाठ टेकून या," त्या म्हणाल्या.

"नको. आज बसतो इथेच."

मग वहिनींनी त्यांच्यासमोर रंग कालवला. आधी अण्णांनी नेहमीचा करून दिला. वहिनींनी त्यातली एक रेघ फळकुटावर ओढली, साक्षीची पट्टी शेजारी धरली, मान तिरकी केली आणि काळ्याचा एक थेंब सोडला. दुसरी रेघ ओढली. अण्णा पुढे वाकून बघत होते. त्यांना दोन्ही रेघा एकसारख्या दिसल्या.

"झालं?"

"अजून एक लागेल."

तिसरी रेघही त्यांना पहिल्या दोन्हींसारखीच दिसली. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सुटल्यासारखं झालं. चाळीस वर्षं स्वतःच्या चेहऱ्यावर जे होत असणार, ते अण्णांनी पहिल्यांदा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. "लावा," ते म्हणाले, आणि ब्रश वहिनींच्या हातात दिला.

पाच जुळल्यावर साक्षीची पट्टीही सोलली, रंगवली, आणि ठरल्या दिवशी सहाही तुकडे खिडकीखाली मांडले गेले. भोंगा आला. त्याने एकेक तुकडा उचलून दारातल्या उजेडात नेला आणि मग त्याचा भोंगा सुटला. "काका, नजर परत आली तुमची. म्हटलं नव्हतं का मी मालकाला? एवढ्या वर्षांची नजर कुठे जाते?"

वहिनी मागे मोरीपाशी ब्रश धूत होत्या. पाण्याचा आवाज तसाच चालू होता. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या महिन्यात डोळा नीट झाला असता, बाटली पुन्हा अण्णांकडे आली असती आणि ही दोन वर्षं या चार भिंतींत जिरून गेली असती. अण्णा इतके दमले होते की त्यांना गप्प बसणंच सोपं होतं.

"रंग वहिनींचा आहे," ते म्हणाले.

भोंगा हसला. "असणारच. काकूंचा हात लागल्याशिवाय तुमचं काही होतं का?"

"तसं नाही. घासलंय मी. रंग त्यांनी कालवलाय. हाच नाही, दोन वर्षांतले सगळे. तू नेलेले सगळे."

पाण्याचा आवाज थांबला. भोंग्याचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. "सगळे?"

"सगळे. मला दिसत नाही रे."

भोंग्याने हातातलं झाकण खाली ठेवलं. मग अण्णांना ओलांडून त्याने मोरीकडे पाहिलं. "मग काकू, त्या गाडीच्या स्टिअरिंगला लाकडी कडं आहे. ते गडद करायचं की तसंच ठेवायचं?"

वहिनींनी सवयीने अण्णांकडे पाहिलं. अण्णा भिंतीवरच्या फळीकडे वळले आणि तिथले डबे उगाच इकडचे तिकडे लावू लागले.

"आधी कडं आणून दाखवा," वहिनी म्हणाल्या. "बघितल्याशिवाय मी रंग सांगत नाही."

"आणतो काकू," भोंगा म्हणाला.

चाळीस वर्षांत त्या दारात रंगाचं बोलणं पहिल्यांदा अण्णांना वगळून झालं होतं. त्यांना ते लागलं, चांगलंच लागलं. तरी ते पाठ करूनच उभे राहिले. वळले असते तर वहिनींनी पुन्हा त्यांच्याचकडे पाहिलं असतं.