लहरींना घरी पाठवणारं यंत्र

चाचणीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सोल्डरिंगच्या बायका टाचा उंचावून बघत होत्या, हिशेबनीस स्टुलावर चढला होता आणि चहावाला किटलीसकट दारातच अडकला होता. टेबलावर रेडिओसंचासाठी बनवलेला रिलेचा बोर्ड पालथा पडला होता आणि त्याच्यापुढे महाराज डोळे मिटून उभे होते.

रिले म्हणजे विजेनं उघडमीट होणारं दार. ते बंद झालं की लहर पलीकडे जाता कामा नये. पण या नव्या बोर्डात दार बंद असूनही उच्च वारंवारतेची लहर झिरपत होती. मीटरच्या पडद्यावरची हिरवी रेघ तळाला बसायचं सोडून मधेच रेंगाळायची. सगळ्यांचं डोकं आपटून झालं, तेव्हा हिशेबनिसानं महाराजांना आणलं.

महाराजांनी लाल रुमालाखाली हात घातला आणि तांब्याचं यंत्र बोर्डावर दाबलं.

"लहरींनो, भटकू नका! आपापल्या घरी परत जा!"

रेघ धपकन खाली आली.

"अगंबाई!" मीटरवाली ओरडली.

यंत्र उचलताच ती पुन्हा वर गेली. हिशेबनिसानं स्टुलावरूनच वाकून ते ठेवून पाहिलं. रेघ हलेना.

"नक्षी वर ठेवलीत ना?" महाराज हसले. "मग कमी आहे ती श्रद्धा. माझ्या हातून सिद्ध करून घ्या. बोर्डागणिक एक यंत्र लावा."

कारखान्याच्या मालकांचे डोळे भरून आले. "महाराज, माझ्या हृदयाचंही..."

"हृदय म्हणजे तरी काय? रिलेच की! उघडतं, मिटतं. गोळ्या घेता ना? त्यांनी लहरी तुंबतात. टाका त्या. एक यंत्र छातीवर बांधा."

मालकांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

कोपऱ्यातून दाजी पुढे आले. या बोर्डाचा आराखडा त्यांचा. मालकांची धाकटी बहीण ही त्यांची बायको, म्हणून मालक त्यांना दाजी म्हणत आणि मग सारा कारखानाच म्हणू लागला. बायको गेली, हाक तेवढी राहिली.

"दादा, गोळ्या बंद करू नका."

"दाजी, तुमचा बोर्ड तुम्हाला बरा करता आला नाही. ज्यांनी केला त्यांचं ऐकू द्या."

दाजींच्या बायकोच्या आजारपणात घरात ताईत कमी नव्हते. डॉक्टरकडे जायला उशीर होतोय हे कळत होतं, पण कोणाचं मन कशाला दुखवा, म्हणून ते तेव्हा बोलले नव्हते. या वेळी त्यांनी डब्यात हात घालून गोळ्यांची पट्टी उचलली.

मग ते आपल्या संगणकापाशी गेले. महाराजांनी यंत्र नेमकं कुठे दाबलं? रिलेच्या पोटाशी. तिथे काय होतं? त्यांनी आराखडा मोठा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. रिलेच्या गुंडाळीला वीज नेणारी तांब्याची रेषा त्यांनीच जवळच्या वाटेनं काढली होती, थेट बोर्डाच्या पाठीवर पसरलेल्या तांब्याच्या थराला, म्हणजे ग्राउंडला, मधोमध चिरून.

ते परत आले. "महाराज, एकदा रुमालाशिवाय दाखवता?"

"उघड्यावर तेज उडून जातं."

"मग खिडक्या लावू का?"

बायका फिसकन हसल्या. तेवढ्यात मीटरवालीनं यंत्र उचललंसुद्धा. एका बाजूला नक्षी, दुसऱ्या बाजूला जाड मखमल. तिनं नक्षी खाली करून तांबं बोर्डावर दाबलं. रेघ धपकन खाली!

"अगंबाई, मलाही सिद्धी आली!"

दाजी म्हणाले, "आपण ठेवायचं ते मखमलीच्या बाजूनं, आणि यांनी रुमालाखाली उलटं करायचं. महाराज, बोटांवरचे हे डाग कशाचे?"

"तपश्चर्येचे."

"अय्या, मग आम्ही साऱ्याच तपस्विनी!" एक सोल्डरिंगवाली म्हणाली. सगळ्या बायकांनी आपापली भाजलेली बोटं वर केली. महाराज कधीकाळी रेडिओ दुरुस्त करत असणार, हे कोणी वेगळं सांगायला नको होतं.

दाजींनी गोळ्यांच्या पट्टीचा रिकामा तुकडा कापला, त्याच्या चंदेरी पत्र्यावरचा लेप ब्लेडनं खरवडला आणि खोडरबरानं त्याच जागी दाबला. रेघ तळाला गेली.

"लहर जाते तशी तिला परतही यावं लागतं," ते म्हणाले. "तिची वाट ग्राउंडच्या तांब्यातून. ती मी तोडली, म्हणून लहर आडवाटेनं पलीकडे घुसत होती. धातूचा कुठलाही तुकडा पूल बांधतो. घरी जा, हे महाराजांचं म्हणणं बरोबर होतं. वाटेत खड्डा माझा होता. तो मी उद्या बुजवतो, यंत्राविना."

हिशेबनीस स्टुलावरून उतरला. महाराज चहावाल्याला ढकलून कधी निसटले, कळलंच नाही. यंत्र तेवढं मागे राहिलं.

दाजींनी उरलेल्या गोळ्या मालकांपुढे धरल्या. "दादा, बोर्डाला या पट्टीचा पत्रा चालला. तुम्हाला आतली गोळी लागते. हृदयाचा आराखडा मी काढलेला नाही. तो डॉक्टरांनाच विचारा."

मालकांनी चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली. "असं आधीच, माझ्या बहिणीच्या वेळी, का नाही बोललात?"

"तेच चुकलं होतं, दादा."

चमत्कार दिसला की टाळ्या जरूर वाजवा. पण मग रुमाल उचला, वस्तू उलटून बघा, दुसऱ्याच्या हातून करून बघा. तरीही समजलं नाही, तर समजलं नाही म्हणा आणि शोधत राहा. पण तेवढ्यासाठी चालू औषध कचऱ्यात टाकू नका.

ते यंत्र आता दाजींच्या टेबलावर असतं. चहाच्या कपाखाली, मखमल वर करून.