जुन्या पबातली बैठक

"अव्वा, डोकं सांभाळ," शिवप्रसाद म्हणाला, तोवर माझं कपाळ चौकटीला लागलंच होतं. दारूच्या गुत्त्यात शिरताना कपाळ फुटलं हे उदगीरला कुणाला सांगायचीही सोय नाही.

गुत्ता म्हटलं की मुलाला राग येतो. पब म्हण, म्हणतो. कॅनडातलं हे हॅलिफॅक्स म्हणजे जुनं बंदर, आणि हा पब दोनशे वर्षांपूर्वीचा, खलाशांचा. इथे येऊन हा पाहिला नाही तर काय पाहिलं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चला. दोन दिवसांनी माझं विमान होतं. सुनेचं बाळंतपण झालं, नात मान धरायला लागली, माझं काम संपलं. जाता जाता पोराच्या हौसेला मोडता कशाला घाला?

दगडी पायऱ्या उतरून तळघरात बसलो. काळ्या तुळया, भिंतीवर गलबतांची चित्रं, उजेड असून नसल्यासारखा. माझ्यापुढे सफरचंदाचा रस आला तो मी आधी हुंगून पाहिला.

"आत्या, रसच हाय. मी इचारून घेतलंय," सुकन्या म्हणाली. आमची सून निलंग्याची, गुणाची पोर. पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघत नव्हती. लेकराचे मोजे काढत होती आणि पुन्हा घालत होती.

मी आपली गिरणीचं सांगत बसले. हे गेल्यापासून पिठाची गिरणी मीच चालवते. इतके महिने बंद म्हणजे पट्टा उंदरांनी खाल्ला असणार. गेल्या गेल्या मिस्त्री बोलवायचा, गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावून घ्यायची, गल्लीतल्या बायका डबे घेऊन वाट बघत असतील.

"अव्वा, तुझं तिकीट पुढं ढकललंय," शिवप्रसाद मध्येच म्हणाला.

"किती पुढं?"

त्याने ग्लास बाजूला सारला. "तुझा व्हिसा पाच वर्षांचा हाय. सुकन्याची नोकरी सुरू व्हायलीय. लेकरू कुणाकडं ठेवावं? अन् तिथं तू एकटी. मागं न्हाणीत पडलीस, शेजारच्या पार्वतीबाईनं दार वाजवलं म्हणून तर कळलं."

"मला इचारलास का?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

"हाव. म्हणलीच असते."

घरी हे सांगायचं धाडस त्याला झालं नसणार. घरी मी भांडले असते, रडले असते. चार लोकांत आई गप्प बसेल, असं त्याने धरलं होतं. माझाच पोरगा, मला बरोबर ओळखतो. असा संताप आला की तो रस त्याच्या डोक्यावर ओतावा. पण जीव लावतो हो तो मला. त्यातूनच तर सुटका नाही. पासपोर्ट त्याच्या कपाटात, बाहेर बर्फ, बोली परकी. उठून निघाले असते तर पहिल्या कोपऱ्यावरून घरी कसं यायचं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"मी हितं मेले तर?" मी विचारलं.

"अव्वा, काय बोलायलीस?"

"खरंच इचारायलेय. शेतात तुझ्या अप्पाच्या बाजूला माझी जागा हाय. हितं मला पेटीत आडवं घालतील, न्हाईतर जाळतील."

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात. जन्मभर लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही मी, ते आडवं पडून जाण्यासाठी नव्हे.

"मी नीट करंन समदं," तो म्हणाला.

"काय करशील? तुला येतंय का? अप्पाच्या वेळी तू फोनवर बघितलास."

सुकन्या रडायला लागली.

आमच्या मागच्या भिंतीत कमानीचा खोल कोनाडा होता. पूर्वी तिथे दारूची पिंपं ठेवत म्हणे, आता लोक आत बसून फोटो काढतात. आमच्याकडे समाधीच्या खड्ड्यात मेलेल्याला बसवायला बाजूला असाच कोनाडा कोरतात, जवळजवळ तेवढाच. मी उठले, बूट काढले, पदर खोचला आणि आत जाऊन भिंतीला पाठ लावून मांडी घातली.

"अव्वा, लोक बघलालेत."

"बघू दे. तू नीट बघ. पाठ अशी ताठ पायजे. कपाळाला ईभूत." गळ्यातलं लिंग मी त्याच्या कापडासकट डाव्या तळहातावर धरलं. तसल्या जागेत ते उघडायचं मन झालं नाही. "हे असं हातात. काढून ठेवायचं न्हाई, माझ्यासंगंच जातंय. मग बेलाची पानं, अन् मग माती."

"हितं बेल मिळत न्हाई," तो कसाबसा म्हणाला.

"मग मागवून ठेव. अन् मान पडती माणसाची. मागून कुणीतरी धरावं लागतंय."

मग त्याने बूट काढले आणि वाकून आत येत माझ्या मानेमागे हात ठेवला.

"हितं का, अव्वा?"

"जरा खाली," मी म्हणाले.